फोन नको, पत्र मागा: म्हाताऱ्या माणसाची तक्रार आमदारांकडे कशी न्यायची

आमच्या तालुक्याचा बाजार गुरुवारी भरतो. खेड्यापाड्यांतली म्हातारी माणसं त्या दिवशी एसटीनं येतात, कारण बाजाराच्या निमित्तानं घराबाहेर पडलं तर कुणी काही विचारत नाही. आमदार साहेबांच्या संपर्क कार्यालयात दाराजवळच्या टेबलावर मी दर गुरुवारी बसते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन मला नऊ वर्षं झाली, आणि तेव्हापासूनचे बहुतेक गुरुवार इथंच गेलेत. मानधन घेत नाही. साहेबांकडे मी एकच गोष्ट मागितली होती: म्हाताऱ्या माणसांना ठेकेदारांच्या आणि बदलीवाल्यांच्या गर्दीत उभं करू नका, त्यांच्यासाठी वेगळं टेबल द्या. त्यांनी दिलं.

हे लिहितेय ते शेजारच्या आजीसाठी काही करावंसं वाटणाऱ्या माणसासाठी. आशाताई, शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य, दुसऱ्या एखाद्या आमदाराच्या कार्यालयात बसणारा तरुण कार्यकर्ता. मराठवाड्यात विधानसभेचे 46 मतदारसंघ आहेत. प्रत्येक ठिकाणी असं एक टेबल लागलं तर खूप काही होईल, अशी माझी खात्री आहे.

पहिल्या वर्षातली गोष्ट आधी सांगते, कारण माझी सगळी पद्धत तिच्यातून आली. एक बाबा आले होते. दोन एकर जमीन मुलाच्या नावावर करून दिलेली, आणि आता जेवणाचं ताट वेळेवर येत नव्हतं. साहेब नेमके कार्यालयात होते. त्यांनी सगळ्यांसमोर मुलाला फोन लावला, स्पीकर चालू. ‘बापाला नीट सांभाळ, नाहीतर माझ्याशी गाठ आहे.’ मुलगा ‘हो साहेब, चुकलं साहेब’ म्हणाला. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं, आम्हालाही बरं वाटलं. त्याच रात्री बाबांची बाज ओसरीवरून उचलून गोठ्यात टाकली गेली. तीन आठवड्यांनी ते आले तेव्हा उजवं मनगट सुजलेलं होतं. ‘पडलो’ म्हणाले. आणि हळूच विचारलं, ‘बाई, आता परत फोन तर लावनार न्हाईत ना?’

तो फोन लावायला साहेबांना मीच सांगितलं होतं. त्या दिवसापासून मी फोन मागत नाही. फोनवर दम दिला की चारचौघांत मुलाचा अपमान होतो आणि तो राग रात्री घरी म्हाताऱ्यावर निघतो. शिवाय फोनची कुठंच नोंद राहत नाही. कागदाला आवक क्रमांक पडतो, तारीख पडते, समोरच्या अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. आमदाराकडून मागायचं ते हे.

आधी एकटं बसवा

म्हातारं माणूस एकटं क्वचितच येतं. सोबत कुणीतरी असतं: मुलगी, पुतण्या, कधी गावचा पुढारी. त्यांचं पाच मिनिटं ऐकून घ्या आणि मग त्यांना चहाला पाठवा. बऱ्याचदा सोबत आलेल्याचाच जमिनीवर डोळा असतो. एकदा एक पुतण्या आजीच्या वतीनं पोपटासारखा बोलत होता. तो बाहेर गेल्यावर आजी म्हणाली, ‘ह्यो बी तसलाच हाय, माय.’

‘तुम्हाला त्रास देतात का?’ असं थेट विचारू नका. लेकराची तक्रार करायला आईची जीभ रेटत नाही. मी रोजच्या जगण्याचं विचारते. झोपता कुठं? सकाळपासून काय खाल्लं? बीपीची गोळी कोण आणून देतं, शेवटची कधी घेतली? पासबुक कुणाकडं असतं? मोबाईल आहे का, त्यात पैसे कोण टाकतं? गेल्या वर्षभरात कुठं अंगठा लावला का, आणि तेव्हा कागदावर काय आहे ते कुणी वाचून दाखवलं का?

पासबुकाच्या प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळ द्या. श्रावणबाळ योजनेचे, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी पेन्शनचे, महिना 1500 रुपये थेट खात्यावर येतात. गावातल्या केंद्रावर आधारला अंगठा लावला की पैसे हातात मिळतात, आणि आजीला केंद्रावर घेऊन जाणारा नातूच ते पैसे हातात घेतो. एका आजीला मी विचारलं, दर महिन्याला किती मिळतात? ‘पाचशे. सरकार पाचशेच देतं.’ मी तिच्यासोबत बँकेत गेले आणि पासबुक छापून घेतलं. मशीन थांबेचना, आठ महिन्यांच्या नोंदी निघाल्या. प्रत्येक महिन्यात 1500 जमा, दोन-तीन दिवसांत 1500 काढलेले. मी आकड्यांवर बोट ठेवून एकेक ओळ वाचली. आजी बराच वेळ गप्प होती. मग पदरानं पासबुकावरची धूळ पुसली, जणू चूक त्या धुळीची होती. तिनं तक्रार केली नाही. तिच्या सांगण्यावरून आम्ही खात्याला जोडलेला मोबाईल नंबर बदलून घेतला आणि पुढच्या महिन्यापासून ती आशाताईसोबत केंद्रावर जायला लागली. तेवढ्यानं थांबलं. प्रत्येक वेळी कज्जा करावा लागतोच असं नाही.

शेवटी एकच विचारा: तुम्हाला काय हवंय? जे उत्तर मिळेल ते त्यांच्याच शब्दांत वहीच्या पहिल्या ओळीवर लिहा. ‘पोराला आत टाकायचं न्हाई. दोन टायमाला खायला दे म्हनावं आन दवाखान्याला पैसे दे.’ पुढची सगळी धावपळ या एका ओळीसाठी करायची. आपल्याला मुलाचा राग आला म्हणून आपण त्या ओळीच्या पुढं जायचं नाही.

आणखी एक. दिवाळीनंतर आमच्याकडची, विशेषतः बीड आणि धाराशिवकडची कुटुंबं ऊसतोडीला जातात आणि म्हातारी माणसं लेकराबाळांसह गावात मागं राहतात. ती आजी उपाशी असेल तर तो मुलाचा छळ समजू नका. कोयता उचलून गेलेल्या मुलाला नोटीस पाठवून काही साधत नाही. तिथं रेशनवर अंगठा उमटतोय का ते बघा, श्रावणबाळचा अर्ज भरा, शेजारी कोण बघणार ते ठरवा. नाइलाजानं झालेली आबाळ कुठली आणि जाणूनबुजून केलेली कुठली, हे ओळखल्याशिवाय पुढं जाऊ नका.

जिवाला धोका असेल तर

मारहाण चालू असेल, घराबाहेर काढलं असेल, तर आमदारांच्या कार्यालयात वेळ घालवू नका. 112 लावा. जखम असेल तर आधी ग्रामीण रुग्णालय, आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की मारलंय, म्हणजे तशी नोंद होते. ‘पडले’ असं एकदा कागदावर लागलं की नंतर ते खोडणं फार अवघड जातं. सल्ला हवा असेल, काय करावं सुचत नसेल, तर ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन 14567, सकाळी 8 ते रात्री 8. हा नंबर मी जाड पेननं लिहून आजीच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवते. भिंतीवर चिकटवला तर घरातले फाडतात.

आपल्या जबाबदारीतल्या म्हाताऱ्या माणसाला वाऱ्यावर सोडून देणं हा गुन्हा आहे. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्याच्या कलम 24 मध्ये त्याला 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि गुन्हा दखलपात्र आहे. ठाण्यात ‘घरगुती भांडण आहे, मिटवून घ्या’ म्हणाले तर या कलमाचं नाव घ्या.

अर्ज कुणाकडं, कसा

आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा, म्हणजे जगण्याच्या खर्चाचा, कायदा 2007 चा, महाराष्ट्राचे नियम 2010 चे. दावा चालतो उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपले एसडीओ साहेब. तेच निर्वाह न्यायाधिकरणाचे प्रमुख. दिवाणी कोर्टासारखी वर्षानुवर्षं जायला नकोत म्हणूनच ही सोय केलेली आहे. वकील लावावाच लागतो असं नाही. अर्जदाराची इच्छा असेल तर समाजकल्याण खात्याचा निर्वाह अधिकारी त्याच्या वतीनं बाजू मांडतो. अर्जदाराला चालता-बोलता येत नसेल तर त्यानं अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते, आणि न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकतं.

काही गोष्टी लोकांना हमखास चुकीच्या माहीत असतात. साठ वर्षांची अट ज्येष्ठ नागरिकाला आहे, आई-बापाला नाही. 54 वर्षांची विधवा आईसुद्धा मुलाकडून निर्वाह मागू शकते. सावत्र आईसुद्धा. मुलं म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात, जी सज्ञान आहेत ती. सून आणि जावई त्या व्याख्येत नाहीत. त्यांना आणण्यासाठी 2019 मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं होतं, पण ते मंजूर न होताच गेलं. मूलबाळ नसलेल्या माणसाला, ज्याच्याकडे त्याची मालमत्ता आहे किंवा वारसानं जाणार आहे, अशा नातेवाइकाकडून निर्वाह मागता येतो. आणि मुलगा पुण्यात कंपनीत असला तरी अर्ज इथंच करायचा, जिथं आई राहते तिथं. पुण्याला खेटे घालायची गरज नाही.

अर्ज साध्या भाषेत लिहा. बाहेर टायपिंगवाल्याकडे ‘सामनेवाला हा दांडगाईचा इसम असून’ असला साचा तयार असतो. तो नको. त्यानं अर्जाला जोर येत नाही आणि मुलगा मात्र कायमचा दुखावतो. मी असं लिहिते: ‘माझं वय 71 आहे. मला दोन मुलं, एक मुलगी. चार एकर जमीन मी 2016 साली दोन्ही मुलांच्या नावे केली. गेल्या दिवाळीपासून मी एकटी पत्र्याच्या खोलीत राहते. गुडघ्याच्या आणि साखरेच्या गोळ्यांना महिन्याला अमुक रुपये लागतात, चिठ्ठ्या जोडल्या आहेत. मला खाण्यापिण्यासाठी आणि औषधासाठी महिना अमुक रुपये मिळावेत.’ रक्कम हिशोबानं मागा. किराणा, दूध, औषध, वीजबिल असं वहीत मांडलं की आकडा पटतो. कायद्यानं जास्तीत जास्त 10,000 रुपये महिना मिळू शकतात.

सगळ्या मुलांची नावं घाला, मुलीचंसुद्धा. आई म्हणते, ‘लेकीला कशाला गोवता?’ मीही सुरुवातीला ऐकायचे. पण नाव नसलं की मुलगा पहिल्याच तारखेला विचारतो, बहिणीला का नाही, आणि तिला सामील करून घेण्यात दोन तारखा जातात. लेकीला आधीच फोन करून समजावून सांगा.

सोबत जोडायचं: आधार कार्ड, वयाचा पुरावा, सातबारा आणि आठ-अ, जमीन दिली असेल तर फेरफार आणि बक्षीसपत्राची किंवा वाटणीपत्राची नक्कल, छापलेलं पासबुक, औषधाच्या चिठ्ठ्या. नक्कल घरात मिळणार नाही, ती मुलाच्या पेटीत असते. नोंदणी केलेल्या दस्ताची नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून निघते. सगळ्याच्या दोन प्रती काढा, आणि मूळ कागद आजीच्या घरी ठेवू नका.

आता सगळ्यात कळीची गोष्ट. निकाल 90 दिवसांत द्यायचा असतो, फार तर 30 दिवस वाढवून. पण ते 90 दिवस मोजायचे समोरच्याला नोटीस बजावल्यापासून. नोटीसच बजावली गेली नाही तर दिवस मोजायला सुरुवातच होत नाही, आणि मुलगा नेमकं तेच करतो. गावच्या पत्त्यावर नोटीस गेली की ‘पुण्यात असतो’ असा शेरा मारून परत येते. म्हणून अर्जात मुलाचा राहण्याचा पत्ता, कामाच्या ठिकाणचा पत्ता, मोबाईल नंबर, सगळं द्या. मुद्दाम टाळत असेल तर त्याच्या गैरहजेरीत एकतर्फी चालवता येतं, हे अधिकाऱ्यांना लेखी आठवण करून द्या. आणि पहिल्याच अर्जात एक परिच्छेद अंतरिम निर्वाहासाठी घाला, म्हणजे दावा चालू असताना महिन्याला काही रक्कम मिळावी यासाठी. हा परिच्छेद बहुतेक अर्जांत नसतोच. सत्तरीच्या बाईला तीन महिने थांब म्हणणं म्हणजे काय, ते तिला माहीत असतं.

आमदारांचं पत्र

अर्जाला आवक क्रमांक मिळाल्यावरच आमदारांकडे जा, आधी नाही. पत्राचा मसुदा आपण लिहून न्यायचा. ‘साहेब, एक पत्र द्या’ म्हटलं की ‘सदर प्रकरणी योग्य ती कार्यवाही व्हावी’ असं दोन ओळींचं पत्र मिळतं, आणि ते फायलीत जाऊन पडतं. आमचा मसुदा साधारण असा असतो:

‘प्रति, मा. उपविभागीय अधिकारी तथा पीठासीन अधिकारी, निर्वाह न्यायाधिकरण. विषय: ज्येष्ठ नागरिकाच्या निर्वाह अर्जाच्या सद्यःस्थितीबाबत. अर्जदार, वय 71, यांनी अमुक तारखेस अमुक आवक क्रमांकाने अर्ज दाखल केला आहे. सामनेवाले यांना नोटीस बजावली किंवा कसे, बजावली असल्यास दिनांक, अंतरिम निर्वाहाच्या मागणीवर सुनावणीचा दिनांक, ही माहिती अर्जदारास व या कार्यालयास लेखी कळवावी, ही विनंती.’

निकाल काय द्यावा याबद्दल या पत्रात एक अक्षरसुद्धा नको. एसडीओ तिथं न्यायाधीशाच्या जागी बसलेले असतात. आमदारानं ‘अमक्याच्या बाजूनं करा’ लिहिलं की अधिकारी अडचणीत येतो, आणि निकाल बाजूनं लागला तरी मुलगा वर दाद मागताना तेच पत्र दाखवतो. काम वेळेत करा, हे विचारायचा हक्क लोकप्रतिनिधीला पूर्ण आहे. तिथंच थांबायचं. साहेबांनाही हे मी स्पष्ट सांगितलंय आणि त्यांनी ते पाळलंय, अगदी मुलगा पक्षाचा कार्यकर्ता होता तेव्हासुद्धा.

दुसरं पत्र पोलिस ठाण्याला: एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या यादीत या बाईंचं नाव घ्या आणि बीट अंमलदारानं अधूनमधून फेरी मारावी. तिसरं तहसीलदारांना, श्रावणबाळचा अर्ज अडला असेल तर. वय 65 आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत अशी अट आहे. प्रत्येक पत्राची पोच घ्या, शिक्क्यासकट.

सुनावणीच्या आदल्या रात्री

आदल्या रात्री घरी नातेवाईक जमतात. मामा, चुलते, गावचा कारभारी. ‘कशाला बाहेर तमाशा, मिटवून टाकू.’ म्हातारी माणसं तिथं हमखास पाघळतात, आणि मला त्यात त्यांची चूक वाटत नाही. उद्यापासून त्याच घरात राहायचं असतं. म्हणून मी आदल्या संध्याकाळी शक्यतो जाऊन बसते. बोलत नाही फारसं, भाजी निवडते.

तडजोड वाईट नसते. कायद्यातही समेट घडवण्यासाठी प्रकरण समेट अधिकाऱ्याकडे पाठवता येतं आणि त्याला एक महिना असतो. फक्त ती तडजोड ‘यापुढे नीट सांभाळीन’ एवढ्यावर संपू देऊ नका. किती रुपये, कुठल्या तारखेला, कुठल्या खात्यावर, राहायला कुठली खोली, दवाखान्याला कोण नेणार. एवढं लिहून न्यायाधिकरणासमोर त्याचा आदेश करून घ्या. बाहेर बाँडवर लिहून अर्ज मागं घेतला तर हातात काहीच उरत नाही.

आदेशाची प्रत फुकट मिळते. आदेशानंतर 30 दिवसांत रक्कम भरायची असते. नाही भरली तर वॉरंट निघू शकतं, एक महिन्यापर्यंत किंवा पैसे भरेपर्यंत कैद होऊ शकते. पण थकलेल्या रकमेसाठी अर्ज ती थकल्यापासून 3 महिन्यांच्या आत करावा लागतो. हे कुणी सांगत नाही आणि कितीतरी आया ‘देईल, देईल’ म्हणत वर्षभर थांबतात. माझ्याकडूनही एकदा असंच झालं, पहिल्या पाच महिन्यांतल्या दोन महिन्यांची रक्कम हातची गेली. तेव्हापासून वहीत प्रत्येकीच्या नावापुढं तारीख असते. आई-बापाला निकाल मान्य नसेल तर 60 दिवसांत जिल्हाधिकारी प्रमुख असलेल्या अपील न्यायाधिकरणाकडे जाता येतं.

जमीन देण्याआधी या

टेबलावर येणाऱ्या रडण्यातलं निम्म्याहून जास्त जमिनीचं असतं, आणि ती येतात अंगठा लावून झाल्यावर. महाराष्ट्रात शेतजमीन किंवा राहतं घर मुलांना बक्षीस द्यायला मुद्रांक फक्त 200 रुपयांचा लागतो. इतकं स्वस्त आणि सोपं असल्यानं मुलं घाई करतात: पीककर्ज काढायचंय, विहिरीचं अनुदान घ्यायचंय, नावावर पाहिजे. कारण खरंही असतं. तरी दस्तात एक वाक्य घालायला सांगा: ‘ही मिळकत मी या अटीवर देत आहे की, घेणाऱ्याने माझ्या व माझ्या पत्नीच्या हयातीपर्यंत आमचं अन्न, वस्त्र, निवारा व औषधोपचार करावा. ही अट न पाळल्यास हे बक्षीसपत्र रद्द समजावं.’

याच 2007 च्या कायद्याचं कलम 23 म्हणतं की सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडली तर, फसवणुकीनं किंवा दबावानं घेतली असं धरून न्यायाधिकरण ते हस्तांतर रद्दबातल ठरवू शकतं. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अशी अट होती हे सिद्ध झालं पाहिजे; नुसतं ‘प्रेमानं दिली होती’ पुरत नाही. जानेवारी 2025 मध्ये त्याच न्यायालयानं एका आईचं बक्षीसपत्र रद्द ठरवलं. तिथं मुलानं ‘शेवटपर्यंत सांभाळीन’ असं वेगळ्या कागदावर लिहून दिलेलं होतं, आणि ताबा परत देण्याचा आदेश न्यायाधिकरण देऊ शकतं हेही न्यायालयानं स्पष्ट केलं. म्हणून दस्त होऊन गेला असेल तर असा दुसरा कागद, एखादी चिठ्ठी, साक्षीदार शोधा. फेरफार अजून मंजूर झाला नसेल तर तलाठ्याकडे लेखी हरकत त्याच दिवशी द्या.

राहत्या घराबद्दल सावध करते. मुलाला घराबाहेर काढण्याचा आदेशही गरज असेल तेव्हा न्यायाधिकरण देऊ शकतं. पण कधी कधी मुलगाच आईला पुढं करतो, आणि काढायचं असतं ते नांदायला आलेल्या बायकोला. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असंच एक प्रकरण होतं. न्यायालयानं सांगितलं की घरगुती हिंसाचाराच्या कायद्यानं सुनेला मिळालेला राहण्याचा हक्क या कायद्यानं पुसता येत नाही. माझ्या टेबलावरून कुठल्याही सुनेच्या विरोधात घर रिकामं करण्याचा अर्ज तिचं ऐकून घेतल्याशिवाय जात नाही. तिच्या घरी जाऊन बसते, मग ठरवते. दोनदा असं झालंय की छळ होत होता तो सुनेचा, आणि सासू-सून दोघींनी मिळून मुलाविरुद्ध अर्ज दिला.

विधानसभेत काय मागायचं

एका आजीचं काम पत्रानं होतं. शंभर आज्यांचं काम सभागृहात होतं, आणि आमदाराची खरी ताकद तिथं आहे. पण त्यांच्या हातात आकडे द्यावे लागतात. माहिती अधिकाराचा अर्ज करा, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून, महाराष्ट्रात एका विषयावर 150 शब्दांच्या आत. उपविभागीय कार्यालयाला विचारा: गेल्या तीन वर्षांत निर्वाहाचे किती अर्ज आले, किती नोटिसा बजावल्या, किती 90 दिवसांत निकाली निघाले, किती प्रकरणांत वसुली झाली. उत्तर 30 दिवसांत यायला हवं. लातूर, धाराशिव, बीड, नांदेड, परभणी, हिंगोली, जालना, छत्रपती संभाजीनगर, प्रत्येक जिल्ह्यात एकेक ओळखीचा माणूस गाठला तर सगळ्या मराठवाड्याचे आकडे एका कागदावर येतात.

मग तारांकित प्रश्न. अधिवेशनाची घोषणा झाली की लगेच मसुदा द्या, कारण प्रश्न बऱ्याच आधी पाठवावे लागतात. प्रश्नात कुणाचं नाव, गाव घालू नका. प्रकरण न्यायाधिकरणासमोर असताना सभागृहात ते चालतही नाही, आणि आजीची अब्रू चव्हाट्यावर येते. असं विचारा: किती अर्ज मुदतीबाहेर प्रलंबित आहेत, विलंबाची कारणं काय, सुनावणीसाठी आठवड्यातला एक ठरावीक दिवस ठेवणार का, कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार ज्येष्ठांची सोय होईल अशा वृद्धाश्रमाची तरतूद आहे त्याचं या जिल्ह्यात काय झालं. तारांकित प्रश्नावर मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावं लागतं आणि उपप्रश्नही विचारता येतात. प्रश्न लागला नाही तर लक्षवेधी सूचना द्या, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना.

स्थानिक पातळीवरही मागण्यासारखं आहे. लातूर जिल्हा परिषदेनं 2020 मध्ये ठराव केला होता की आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पगारातून 30 टक्के रक्कम कापून ती आई-वडिलांना द्यायची. मी स्वतः जिल्हा परिषदेची शिक्षिका, त्यामुळं ती बातमी वाचून मला लाजही वाटली आणि समाधानही. आपल्या आमदारांना सांगा, असा ठराव आपल्या जिल्हा परिषदेत, नगरपालिकेत येऊ द्या.

नंतरची वही

आदेश झाला की लोक पेढे घेऊन येतात आणि विषय संपला असं समजतात. माझ्या वहीत तिथून दुसरं पान सुरू होतं. महिन्यातून एकदा, पैसे जमा व्हायच्या तारखेनंतर, पासबुक छापून बघायचं. मग चार प्रश्न तेच: पैसे आले का, जेवण कोण देतं, मोबाईल कुणाकडं आहे, झोपता कुठं. चौथा प्रश्न मी कधी चुकवत नाही. गोठ्यात गेलेली ती बाज मला अजून दिसते. बाबांनी नंतर अर्ज करू दिला नाही, आणि दुसऱ्या पावसाळ्यात ते गेले.

मागच्या गुरुवारी एक आजी आली, आदेशाला चार महिने झालेली. टेबलावर कोथिंबिरीची जुडी ठेवली आणि विचारायच्या आधीच म्हणाली, ‘मधल्या खोलीत निजते, बाई. पंखा हाय.’ पासबुक बघितलं. शेवटच्या महिन्याचे पैसे आलेले नव्हते. मी तिच्या नावापुढं तीन महिन्यांच्या आतली तारीख लिहिली आणि अर्जाचा कागद काढला.